सतरा नंबरचा मासा दोनदा मेला

१

आधी आचान वोरापोतच्या फायद्याचा हिशेब मांडते. आमच्याकडे प्राध्यापकाला आचान म्हणतात, आणि आचानच्या फायद्याचा हिशेब कुणी मांडत नाही. म्हणूनच मांडते.

भांडवल होतं एकतीस मासे. बोटाएवढे, लाल-निळे, आफ्रिकेतल्या डबक्यांतले. तिकडे डबकं आटलं की हे मरतात, म्हणून त्यांचं सगळं आयुष्यच घाईचं. सहा आठवड्यांत वयात यायचं, चौथ्या महिन्यात रंग उडायचा, पाचव्यात पाठीला बाक, सहाव्यात उलटं तरंगायचं. म्हातारपणाचा अभ्यास करणाऱ्यांना असा प्राणी म्हणजे घबाड. माणसाच्या मरणाची वाट बघत ऐंशी वर्षं कोण बसणार?

वोरापोतनं चाळीस माशांना डोंगरातल्या एका मुळीचा अर्क चारला आणि चाळीसांना नुसतं खाणं. साधे चाळीस ठरल्या वेळी मेले. मुळीवाल्यांतले नऊ गेले आणि उरलेले एकतीस दोनशे एकाहत्तराव्या दिवशीही काचेवर बोट ठेवलं की बोटाचा पाठलाग करत होते. ते आणखी चार दिवस जगले असते तर वोरापोतला नव्या दीर्घायुष्य केंद्राचं प्रमुखपद मिळणार होतं, अर्काच्या बाटलीवर फोटो येणार होता, आणि कॉरिडॉरमध्ये माणसं त्याला बघून आणखी दोन इंच खाली वाकणार होती. गुरुवारी परदेशातून तिघे तपासनीस येणार होते. त्यांनी मान डोलावली की झालं.

सोमवारी सकाळी एकतीसही टाक्या रिकाम्या निघाल्या. झाकणं जागच्या जागी, पाणी निवळशंख, मासा एकही नाही.

मी तिक. चियांग माईच्या या विद्यापीठात पशुगृहाची नोंदवही माझ्याकडे असते. उंदीर असो की मासा, माझ्या सहीशिवाय आत येत नाही आणि बाहेर जात नाही. निदान असा माझा समज होता.

साडेनऊला डीननं बोलावलं. वोरापोत आधीच बसला होता. हातात थंड कॉफीचा ग्लास, आणि ग्लासातला बर्फ तो कडाकडा चावत होता. एक ग्लास संपला, दुसरा मागवला. माणूस दुःखात काय काय चावेल सांगता येत नाही.

"चोर सापडलाय," डीन म्हणाला. "खामपेंगबाई."

त्यानं फोन पुढे केला. फोटोत टाक्या धुणारी आमची पा खामपेंग देवळाच्या घाटावर वाकून नदीत बादली रिकामी करत होती. काल रविवारी उपोसथ होता, म्हणजे बौद्धांचा देवळात जायचा पवित्र दिवस. उपोसथाला ती मासे सोडते, पुण्यासाठी. हे सगळ्या इमारतीला माहीत आहे.

"तिला त्या माशांची दया आली असणार," वोरापोत म्हणाला. आवाज असा, की जणू तोच तिला माफ करायला निघालाय. "साधी बाई आहे. तिला कळलं नसेल की ती माझी नऊ महिन्यांची मेहनत नदीत ओततेय."

"परदेशी मासा नदीत सोडणं गुन्हा आहे," डीन म्हणाला. "तीन वाजता समिती. नोकरी तर जाईलच, पण पोलिसातही द्यावं लागेल. तिकबाई, तोपर्यंत अहवाल तयार ठेवा. निष्कर्ष मी लिहिलाय. तुम्ही फक्त वरचा मजकूर भरा."

त्यानं खरंच कागद दिला. शेवटचा परिच्छेद टाइप केलेला, वरचं पान कोरं.

माझं डोकं तिथेच तापलं.

२

पा खामपेंग अठ्ठावन्न वर्षांची. पा म्हणजे मावशी, इमारतीतले सगळे तिला तेच म्हणतात. एकोणीस वर्षं ती टाक्या धुते, मासे चारते, मेलेले काढते. एकोणीसही वर्षं तिची नोकरी दर एप्रिलला नव्यानं मंजूर होते, आणि मंजुरीच्या कागदावर सही वोरापोतची असते.

मी गेले तेव्हा ती रिकाम्या टाक्याच घासत होती.

"पा, आता कशाला घासतेस?"

"मग काय शेवाळ चढू देऊ?"

"काल नदीत काय सोडलंस?"

"वाम. घाटावर म्हातारीकडून घेतली. एकोणसाठ."

"मोजून?"

"वय अधिक एक, पोरी. अठ्ठावन्न आणि एक. कुठल्या गावची तू, एवढं माहीत नाही?" मग तिनं हातातला ब्रश खाली ठेवला. "आणि मी हे मासे सोडीन? सोडलेला जीव जगला पाहिजे. हे कोवळे मासे त्या गढूळ पाण्यात संध्याकाळपर्यंत टिकायचे नाहीत. मरायला सोडून पुण्य कसलं लागणार, डोंबलाचं?"

मी स्कूटर काढली आणि घाट गाठला. वाम विकणारी म्हातारी छत्रीखाली चिकट भात खात बसली होती.

"खामपेंगनं काल काय घेतलं?"

"पोलीस आहेस का?"

"नाही."

"नवऱ्याची दुसरी बायको?"

"अगं आजी, तिची नोकरी जातेय!"

म्हातारीनं भाताचा गोळा खाली ठेवला. "एकोणसाठ वाम. मीच बादलीत मोजून टाकल्या. ती बादली रिकामीच घेऊन आली होती, मी आतून पुसून दिली. एक वाम निसटली तर दोघी तिच्यामागे घाटभर धावलो. विचार कुणालाही."

मी तिथूनच डीनला फोन केला. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं.

"छान," तो म्हणाला. "मग तुम्ही असं लिहा, की मासे तिनं शनिवारीच सोडले असतील."

३

रागावर एक उपाय आहे, माणसं भेटत राहायची.

समोरच्या खोलीत आचान दुसित. हा जंतांवर काम करतो, सुताच्या तुकड्याएवढे जंत, तीन आठवड्यांत म्हातारे होऊन मरतात. माशांची खोली मोठी, त्याची लहान, म्हणून दोन वर्षं वोरापोतशी बोलाचाली बंद. संशय घ्यायला याहून सोयीचा माणूस नाही.

"मीच मारले असं लिही," तो सूक्ष्मदर्शकातून डोळा न काढता म्हणाला. "खोली मिळणार असेल तर सही करतो."

"चेष्टा पुरे, आचान. एका बाईला तुरुंगात टाकतायत."

त्यानं डोळा काढला. "मग खरं सांगू? ते मासे मेले नाहीत याचाच मला दोन महिने राग येतोय. हे बघ." त्यानं एक बशी माझ्यापुढे सरकवली. "यात आई आहे. रोज सकाळी मी तिला प्लॅटिनमच्या तारेनं उचलून नव्या बशीत ठेवतो. का? कारण ती अंडी घालते आणि चार दिवसांत पोरं आईएवढी होतात. दोन दिवस आळस केला की आई मेलेली कळतच नाही. बशी आपली वळवळत राहते आणि नवशिके नाचत येतात, आचान, आमचे जंत अमर झाले! दर वर्षी एक तरी येतो नाचत."

"मासे काही एका टाकीत पोरं वाढवत नाहीत. एका टाकीत एकच नर."

"तेच तर," दुसित म्हणाला आणि पुन्हा डोळा लावला. "म्हणून मी गप्प आहे."

इंगफा वोरापोतची पीएचडीची विद्यार्थिनी. साडेतीन वर्षं झाली, प्रबंधाची तीन प्रकरणं याच माशांवर. रडून डोळे सुजले होते.

"पी तिक, माझं तर सगळंच गेलं." पी म्हणजे थोरली बहीण. "आता गुरुवारी त्यांना काय दाखवायचं?"

"ते नुसते बघायला येणार होते ना?"

"नाही. शुक्रवारी पत्र आलं, दहा मासे घेऊन जाणार म्हणून. माशाच्या कानात वाळूच्या कणाहून लहान खडा असतो. त्यावर रोज एक कडं चढतं, झाडाला वर्षाला चढतं तसं. कडी मोजली की मासा किती दिवसांचा ते कळतं. मीच पत्र वाचून दाखवलं. आचान म्हणाले, उत्तम, या म्हणावं."

"रविवारी तू इथं होतीस?"

"लाम्पांगला, आईकडे. दुपारी आचानचा फोन आला होता. लवंगेचं तेल कुठल्या कपाटात आहे विचारत होते. दाढ ठणकत होती म्हणे, आणि दवाखाना बंद." ती किंचित हसली. "आम्ही ते तेल माशांना भूल द्यायला वापरतो. मी म्हटलं, आचान, एकच थेंब घ्या, नाहीतर तुम्हीच उलटे तरंगाल."

सकाळचा तो आवाज माझ्या कानात पुन्हा वाजला. कडाकडा.

"तेलाची बाटली बघितलीस का?"

तिनं कपाट उघडलं. बाटली होती. शुक्रवारी फोडलेली, अर्ध्या लिटरची. आत तळाला पुसट पिवळा डाग उरला होता.

४

दीड वाजला. मी माझी नोंदवही उघडून बसले.

माझ्या सहीनं त्या खोलीत अंड्यांतून काढलेली पिल्लं: जून महिन्यात ऐंशी, प्रयोगासाठी. जुलैत आणखी सत्तर, कारण ऑगस्टमधला विज्ञान सप्ताह, शाळांना वाटायला. नोव्हेंबरात आणखी सत्तर, जानेवारीतल्या बालदिनासाठी. बालदिनाच्या मंडपात मी स्वतः उभी होते. पोरांना आम्ही कागदाचे मासे कापून दिले होते. वोरापोत म्हणाला होता, पिल्लं दगावली. दगावली तर माझ्या वहीत मृत्यूच्या रकान्यात सत्तर हवीत. रकाना कोरा. मी विचारलंच नव्हतं. आचानला कोण विचारतं?

रिकामा रकाना बघून मला जो राग आला त्यातला निम्मा माझा स्वतःवरचा होता.

पण वहीतलं कोरेपण म्हणजे पुरावा नव्हे. समितीपुढे वोरापोत म्हणेल, तिकबाईंचा गलथानपणा. मासे गटारात, खडे गटारात. मोजायला काही उरलं नाही, म्हणूनच तर ते गेले.

दारात पा खामपेंग आली. हातातला किल्ल्यांचा जुडगा तिनं माझ्या टेबलावर ठेवला.

"पोरी, एक विचारायचं होतं. भिक्खू पुढच्या महिन्यातच येणार ना?"

दर मार्चमध्ये आम्ही प्रयोगात मेलेल्या प्राण्यांसाठी दान करतो. नऊ भिक्खू येतात, मंत्र होतात, पाणी ओतून पुण्य त्या जिवांना देतात. डीन फोटोपुरता बसतो. वोरापोत पहिल्या रांगेत बसतो आणि फोटो झाला की उठतो.

"येतील. तुला आत्ता त्याचं काय पडलंय?"

"मी नसेन ना तेव्हा. मागच्या बर्फपेटीत माझ्या पुड्या आहेत. तू तेवढ्या देवळाच्या भट्टीत पोचव."

"कसल्या पुड्या?"

"माशांच्या. नियम आहे दर शुक्रवारी कचऱ्याबरोबर जाळायचे. मला बरं वाटत नाही. आधी पाणी ओतायचं, मग जाळायचं. म्हणून वर्षभर ठेवते. प्रत्येकाच्या पुडीवर टाकीचा नंबर आणि तारीख घालते. नाव नाही ना त्यांना, पुण्य कुणाच्या पत्त्यावर जाणार?"

"पा," मी म्हटलं, आणि माझा आवाज मलाच वेगळा वाटला, "मुळीच्या बाजूच्या पुड्या किती?"

"एकाहत्तर."

मुळीच्या बाजूला टाक्या चाळीस. वहीप्रमाणे मेलेले नऊ. काल सकाळपर्यंत जिवंत एकतीस.

"चाळीस टाक्यांतून एकाहत्तर मेले?"

तिनं नजर खाली घातली. "सतरा नंबरचा दोनदा मेला. एकदा ऑक्टोबरात, एकदा जानेवारीत. बाकीचेही तसेच. मेलेला दिसला की आधी मलाच सांगायचं, अशी आचानची ताकीद. मी सांगायची. ते म्हणायचे, पा, तो पाहुणा मासा होता, खरा मी आत तपासायला नेलाय. संध्याकाळी टाकीत मासा असायचा."

"आणि तुला ते खरं वाटलं?"

"पहिल्या दोन-तीनदा."

"मग?"

"मग एप्रिल आठवायचा." तिनं पदरानं हात पुसावेत तसे एप्रनला पुसले. "माझ्यासारखीनं आचानला खोटं म्हणायचं? चार माणसांत? मी पुडीवर खरं लिहिलं. तेवढं माझ्या हातात होतं."

मला तिचाही राग आला. मग घड्याळाकडे बघितलं. अडीच.

५

तीन वाजता डीनच्या खोलीत पाच खुर्च्या होत्या आणि पा खामपेंगसाठी दाराशी एक स्टूल. समितीवर दुसितही होता. मी इंगफाला बरोबर आणलं आणि टेबलावर बर्फाची पेटी ठेवली.

"हे काय?" डीन म्हणाला. "अहवाल कुठाय?"

"वरचा मजकूर भरलाय. पण तो तुमच्या निष्कर्षाला चिकटत नाही." मी बसले नाही. "आचान वोरापोत, दाढ कशी आहे?"

"काय?"

"रविवारी ठणकत होती."

त्यानं क्षणभर इंगफाकडे पाहिलं. "हो. आहे जरा अजून."

"कुठली?"

त्याचा हात उजव्या गालाकडे गेला.

"सकाळी त्याच बाजूनं तुम्ही दोन ग्लास बर्फ फोडलात. डीनसाहेब शेजारीच होते. ठणकत्या दाढेनं कुणी बर्फ फोडत नाही, आणि एका दाढेला अर्धा लिटर लवंगेचं तेल लागत नाही. तेवढ्या तेलात एकतीस मासे मात्र कायमचे झोपतात."

"मूर्खपणा आहे हा!" वोरापोत डीनकडे वळला. "माझेच मासे मी मारीन? सगळ्यात जास्त नुकसान कुणाचं झालंय?"

"मासे दोनशे एकाहत्तर दिवसांचे असते तर तुमचंच. पण ते तीन महिन्यांचे होते. बालदिनाची पिल्लं. त्यांच्या आधी त्या टाक्यांत विज्ञान सप्ताहाची पिल्लं होती. तुमचे मुळी खाल्लेले मासे साध्या माशांसारखेच हिवाळा लागायच्या सुमाराला मेले. शुक्रवारी पत्र आलं की पाहुणे कानातले खडे मोजणार. शनिवारी तुम्ही विचार केलात. रविवारी उपोसथ, पा बादली घेऊन नदीवर जाणार हे ठाऊक. आयती चोर!"

"पुरावा?"

मी पेटी उघडली. कागदाच्या पुड्या, प्रत्येकीवर तिचं ते गोल, शाळकरी अक्षर. मी दोन काढल्या. "सतरा नंबर, अठ्ठावीस ऑक्टोबर. सतरा नंबर, अकरा जानेवारी. अशा एकाहत्तर. आणि पाहुण्यांना जे हवं होतं ते या सगळ्यांच्या कानात अजून शाबूत आहे."

वोरापोत उभा राहिला. चेहरा लाल. तो माझ्यावर ओरडला नाही, दाराकडे वळून ओरडला.

"हे शुक्रवारी जाळायचे असतात! दर शुक्रवारी! तुला किती वेळा सांगितलंय!"

स्वतः काय बोललो ते त्यालाही कळलं असावं, कारण तो खाली बसला.

"आचान," पा खामपेंग स्टुलावरून हळू म्हणाली, "तुम्ही फोटो झाल्यावर उठता. जाळणं त्याच्या नंतर असतं."

दुसितनं एक पुडी उचलून उजेडात धरली. "माझ्या खोलीत चांगला सूक्ष्मदर्शक आहे," तो म्हणाला. "खोली लहान आहे, पण मोजायला पुरेल."

डीननं घसा साफ केला. "हे या खोलीबाहेर जाता कामा नये."

"सकाळी तिला पोलिसात द्यायला निघाला होतात," मी म्हटलं. "तेव्हा या खोलीला भिंती नव्हत्या का?"

६

पाहुणे गुरुवारी आले. मासे रोगानं गेले असं डीननं त्यांना सांगितलं आणि जेवायला नेलं. जेवणानंतर दुसितनं त्यांना आपल्या खोलीत नेलं. ऑक्टोबरातल्या सतरा नंबरच्या खड्यावर एकशे सेहेचाळीस कडी निघाली, जानेवारीतल्यावर एकशे एकोणऐंशी. एकाहत्तरांपैकी एकही एकशे नव्वदच्या पुढे गेला नाही. मुळी ही मुळीच आहे, तोंडी लावायला बरी.

आता कुणी काय भरलं ते लिहिते.

वोरापोतनं प्रकृतीच्या कारणावरून राजीनामा दिला. निरोपसमारंभाला फुलं होती, भाषणं होती, माणसं पूर्वीइतकीच वाकली. अर्क काढणाऱ्यांनी त्याला सल्लागार नेमलं. बाटलीवर पूर्वी 'संशोधनानं सिद्ध' होतं, तिथं आता 'परंपरेनं सिद्ध' आहे. फोटो तोच. माझ्या शेजारचे आजोबा रोज दोन चमचे घेतात आणि मला म्हणतात, तू जळतेस.

डीननं काही भरलं नाही. तो समितीचा अध्यक्ष होता, आणि समितीनं प्रकरण उघड केलं असं त्याच्या वार्षिक अहवालात आहे.

इंगफाचं साडेतीन वर्षांचं काम रद्द झालं. तिनं पहिल्यापासून सुरुवात केलीय, दुसितच्या जंतांवर. रोज सकाळी सहाला येऊन आया हलवते.

दुसितला मोठी खोली मिळाली. तो सोडून इमारतीत कुणाला काही मिळालं नाही.

मला लेखी ताकीद मिळाली: पिल्लांच्या दोन नोंदींवर शहानिशा न करता सही. ताकीद बरोबर आहे. तेवढी एकच गोष्ट त्या कागदांत खरी आहे.

मासे मुळीच्या बाजूचे एकशे दोन. खरे चाळीस, आणि दुसऱ्याच्या वयावर जगवलेले बासष्ट.

आणि पा खामपेंग. चोरीच्या आरोपातून समितीनं तिला निर्दोष सोडलं, तसं पत्र दिलं, पत्रावर शिक्काही आहे. मग एप्रिल आला. मंजुरीच्या कागदावर डीननं स्वतः लिहिलं: मृत प्राणी नियमबाह्यरीत्या साठवले, मृत्यूची माहिती वरिष्ठांना कळवली नाही, सबब नेमणूक पुढे चालू ठेवता येत नाही. मी विचारलं, वरिष्ठ म्हणजे कोण? तिनं तर रोज वरिष्ठालाच सांगितलं. डीन म्हणाला, तिकबाई, नियम सगळ्यांना सारखा.

एकोणीस वर्षं. त्या सगळ्या इमारतीत ज्या एका माणसानं प्रत्येक मरणाची तारीख खरी लिहिली, पूर्ण किंमत तिच्याकडून वसूल झाली.